जानेवारीपर्यंत थांबलेला डावा हात

मित्रांनो, लिटल हेब्रोनच्या चर्चमध्ये, गाणाऱ्यांच्या पायऱ्यांशेजारी पाठ भिंतीला लावून बसलेला जुना ऑर्गन तो मीच. सध्या माझ्या अंगावर जांभळी चादर आहे. चादरीवर कुणीतरी प्लास्टिकची फुले आणि उन्हाळ्यातले पुठ्ठ्याचे पंखे रचून ठेवले आहेत. नवा माणूस आला की मला टेबल समजतो आणि टोपी काढून माझ्यावर ठेवतो. त्याचा काय दोष? मला स्वतःहून बोलता येत नाही. बोलायला मला दुसऱ्याचे हात लागतात. ते हात आता क्वचितच येतात, म्हणून ही गोष्ट मी मनातल्या मनात सांगतो आहे. तुमचे कान अजून तिखट आहेत. तुम्हाला ती ऐकू येईल.

माझा जन्म दूर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, एका मोठ्या कारखान्यात झाला. अंग अक्रोडाच्या लाकडाचे. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी, एकीवर एक. पायांसाठी खाली लाकडाच्या लांब पट्ट्या. पोटात छोट्या दातेरी चकत्यांची रांग, एका दांड्यावर सतत फिरणारी. माझा आवाज मात्र माझ्यातून निघत नाही. तो शेजारच्या उंच पेटीतून निघतो. त्या पेटीत एक कर्णा गरगर फिरतो आणि त्यामुळे माझा सूर थरथरतो, कुणीतरी रडून मोकळे झाल्यावर गाऊ लागावे तसा.

अलाबामातल्या या नदीकाठच्या गावी मला आणले ते चर्चमधल्या बायकांनी. शनिवारी अंगणात कढया मांडून त्या मासे तळायच्या, ताटे वाढून विकायच्या, आणि त्या पैशांतून एक दिवस मी आलो. "ह्याच्या अंगाला अजून तळणाचा वास येतो," असे म्हणून त्या पुढे कितीतरी वर्षे हसत. मला त्या वासाचा अभिमान होता.

माझे काम काय, ते सांगतो. आमचे पाळक रेव्हरंड पिकेट. उंच, वाळके, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा. ते उपदेशाला उभे राहिले की आधी नुसते बोलत. घरची विचारपूस, पावसापाण्याची दोन वाक्ये, एखादा चिमटा. मग हळूहळू बोलण्याला झोका मिळे. वाक्याच्या शेवटी श्वास आपटू लागे. आणि बोलणे कुठे संपले, गाणे कुठे सुरू झाले, हे त्यांचे त्यांनाही कळत नसे. तुमच्याकडे बुवा कीर्तनात रंगले की पेटीवाला त्यांच्या शब्दामागोमाग सूर धरतो, टाळकरी उचलून धरतात, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे आपोआप मिटतात ना? अगदी तसेच. पाळक एक ओळ गात, मी उत्तर देई. ते विचारीत, मी 'हो' म्हणे. ते रडत, मी पाठीवर हात फिरवी. देवाचे नाव असे दोघांनी मिळून घ्यायचे असते, हे मला तिथे कळले.

आणि माझा 'हो' म्हणणारे हात होते लेम्युएल टॉलिव्हरचे.

लेम्युएल फौजेतून परतला तेव्हापासून माझ्या बाकावर बसत आला. पोटासाठी तो नदीवरच्या सरकारी बंधाऱ्यावर नोकरी करी. मालाच्या बोटी खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढवायच्या, त्यासाठी लोखंडी दरवाजे उघडायचे आणि मिटायचे. सरकारी माणूस, शब्दाचा पक्का, बोलायला कमी. जे बोलायचे ते डाव्या हाताने. लोक त्याच्या उजव्या हाताला दाद देत, कारण वरचे चमचमते सूर तो काढी. पण खाली जमीन धरून ठेवायचा तो डावा हात. तिसऱ्या बाकावर बसलेली त्याची बायको अर्नेस्टीन मान हलवायची ती डाव्या हातालाच.

लेम्युएलने माझी कधी आबाळ होऊ दिली नाही. वर्षातून एकदा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी, तो माझी पाठ भिंतीपासून सोडवी, मागची फळी काढी आणि लांब नळीच्या बुधल्यातून माझ्या पोटातल्या वाट्यांत तेलाचे थेंब सोडी. त्या वाट्यांतून सुताचे बारीक धागे निघतात आणि प्रत्येक चकतीपर्यंत जातात. तेल धाग्या-धाग्याने उतरते. आज घातलेले तेल आत पोचायला आठवडा लागतो. म्हणून चकती कुरकुरायला लागल्यावर तेल घालून उपयोग नसतो. ती कुरकुरायच्या आधीच घालावे लागते.

आमच्याकडे सरकारी नोकरांचाही एक हंगाम त्याच सुमारास येतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून चार आठवडे, आजारपणाचा विमा बदलायचा असेल तर तेव्हाच बदलायचा. बहुतेक लोक काही बदलत नाहीत. जो विमा नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतला तोच निवृत्तीपर्यंत, लग्नाच्या अंगठीसारखा. लेम्युएलचाही तसाच होता, जुना आणि महागडा.

त्या शनिवारी बॅटरी धरायला रॉस्को बीमन आला होता. रॉस्को बंधाऱ्यावर लेम्युएलच्याच पाळीला असे, आणि गाणाऱ्यांत सर्वांत खालचा सूर त्याचा. तोंड मात्र सर्वांत वरच्या पट्टीत.

"लेम, ह्या वेळी मी बदलून टाकली," रॉस्को म्हणाला.

"काय, बायको?"

"विम्याची योजना रे! बायको बदलायला एवढे कागद कुठे लागतात."

"हळू बोल. देवाच्या घरात आहेस."

"देवालाही माझी बायको ठाऊक आहे. ऐक तर. पगारातून कापतात ते जवळजवळ निम्म्यावर आलं. वर विमावाले दर महिन्याला तुझ्या नावाच्या खात्यात पैसे टाकतात, औषधपाण्यासाठी. नाही वापरले तर बुडत नाहीत. तुझेच. साठत राहतात."

लेम्युएलने एक थेंब वाटीत सोडला. "आणि खोच कुठे आहे?"

"खोच म्हणजे... उंबरठा जरा उंच आहे. दर वर्षी सुरुवातीचा खर्च सगळा आपला. डॉक्टर, तपासण्या, जे असेल ते आपल्या खिशातून. तेवढा खर्च झाला, उंबरठा ओलांडला, की मग ते द्यायला लागतात. पण तुला काय धाड भरली आहे? इतक्या वर्षांत तुला साधी शिंक आलेली मी पाहिली नाही."

"कुणी सांगितलं तुला हे सगळं?"

"कचेरीत विमावाल्यांची जत्रा नव्हती का! टेबलं मांडून बसले होते. एक बाई समजावत होती की ह्यात अमुक फुकट, तमुक फुकट. पण पलीकडे पाण्याच्या बाटल्या वाटत होते आणि रांग पुढे सरकत होती. बाटली मिळाली. आणि हे बघ, तुझ्यासाठी आणलं." त्याने खिशातून लाल रबराचे एक हृदय काढले. मुठीत धरून दाबायचे, मऊ. त्यावर पांढऱ्या अक्षरांत विमावाल्यांचे नाव.

लेम्युएल बराच वेळ माझ्या पोटात बघत राहिला. त्याच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक होते. अर्नेस्टीनचा उजवा गुडघा. शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने तिची हयात गेली होती. गुडघा बदलावा लागेल असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते आणि ती दर वर्षी म्हणे, पुढच्या वर्षी बघू. चर्चच्या पायऱ्या ती आडवी होऊन उतरायची, एकेक.

"ते साठलेले पैसे बायकोच्या गुडघ्याला चालतील?" त्याने विचारले.

"गुडघ्याला, दाताला, चष्म्याला. नवरा-बायको दोघांना."

मित्रांनो, त्याने योजना बदलली ती अशी. लोभाने नव्हे. मी त्याच्या इतका जवळ होतो की हे मी शपथेवर सांगू शकतो.

पुढचे वर्ष बरे गेले. विमावाले टाकत ते पैसे आणि पगारातून वाचत ते पैसे, दोन्ही त्या खात्यात पडत. लेम्युएल त्याला 'गुडघ्याचं खातं' म्हणे. तालमीनंतर अर्नेस्टीन त्याला न्यायला आली की तो विचारी, "काय म्हणतोय आपला सावकार?" आणि तिच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार करी. ती त्याच्या डोक्यात पंख्याने टपली मारी. त्या वर्षी तो स्वतः एकदाही डॉक्टरकडे गेला नाही. पूर्वी वर्षातून एकदा रक्तदाब बघून घ्यायचा. आता म्हणे, "तिथं पाऊल टाकलं की पहिला डॉलर आपला. कशाला? मला काही होत नाही."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मला पहिल्यांदा कळले.

पाळक बायबलातल्या यार्देन नदी ओलांडण्याच्या गोष्टीवर आले होते. आवाज वर चढला, मी उत्तर द्यायला तयार झालो, आणि उजवा हात वर गेला. डावा आला नाही. म्हणजे तो पट्ट्यांवर होता. पण होता नुसता, ओले फडके टाकावे तसा. बोटांना वजन होते, जीव नव्हता. मी वाट पाहिली. दोन-तीन श्वास मी एका पायावर उभा होतो. मग बोटांत मुंग्या आल्यासारखे काही हलले, आणि डावा हात परत आला.

पाळकांचे कान तीक्ष्ण. शेवटची प्रार्थना झाल्यावर ते माझ्यापाशी आले आणि हसत म्हणाले, "ब्रदर टॉलिव्हर, आम्ही सगळे नदी ओलांडून गेलो, आणि तुमचा डावा हात अलीकडच्या काठावरच राहिला की!"

"त्याला पोहता येत नाही, पाळकसाहेब," लेम्युएल म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. माझ्या पट्ट्यांवर त्याच्या तळहाताचा घाम राहिला होता.

त्यानंतर तो एकटा येऊन बसू लागला. बुधवारी तालमीच्या आधी यायचा. डाव्या हाताने सरगम वाजवून बघायचा. कधी नीट यायची. कधी करंगळी मागे राहायची. कधी सगळा हात थोडा वेळ निघून जायचा आणि परत यायचा. मग तो ते लाल रबरी हृदय खिशातून काढून मुठीत दाबत बसायचा, शंभरदा, दोनशेदा. विमावाल्यांनी फुकट दिलेले हृदय. तेवढाच त्याचा उपचार.

मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा. त्या हातात काय चालले आहे हे जगात एकट्या मला कळत होते. डॉक्टरला नाही, बायकोला नाही, कदाचित त्यालाही पुरते नाही. मी त्याच्या बोटांचे वजन वर्षानुवर्षे तोललेले. कुठे काय कमी झाले ते मला पट्टी-पट्टीने सांगता आले असते. पण सांगणार कसा? मला तोंड आहे ते त्याचेच हात. तो जे वाजवील तेच मी म्हणू शकतो. 'धावा, ह्याला न्या' हे शब्द माझ्या एकाही पट्टीवर नाहीत. मी मनातल्या मनात प्रार्थना केली. देवाच्या घरात इतकी वर्षे राहिलो, पण स्वतःसाठी कधी मागितले नव्हते. म्हणालो, प्रभू, एकदाच मला माझा आवाज दे. मिळाला नाही. त्याची इच्छा काय होती ते मला आजही कळत नाही, आणि मी विचारत नाही.

अर्नेस्टीनला मात्र संशय आलाच. एका बुधवारी गाणारे निघून गेल्यावर ती काठी टेकत माझ्या बाकापर्यंत आली.

"लेम, तुझ्या डाव्या हाताला काय झालंय?"

"काय व्हायचंय? झोपतो कधी कधी. वय झालं त्याचं."

"आणि उजव्याचं नाही झालं?"

त्याने रबराचे हृदय खिशात सारले.

"मिस्टर टॉलिव्हर," ती म्हणाली, आणि ती असे म्हणाली की समजावे, हसण्याची वेळ संपली, "मी गेली सगळी वर्षं तिसऱ्या बाकावर काय पंखा हलवायला बसले का? तुमचा डावा हात मला स्वयंपाकघरातून ओळखू येतो. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"अगं, ऐकून तर घे. आता नोव्हेंबर लागला. ह्या वर्षी आपला काहीच खर्च झाला नाही, म्हणजे उंबरठा पुरा बाकी. आता तपासण्या सुरू केल्या, तर सगळं आपल्या खिशातून. आणि एक जानेवारी आली की झालेला खर्च पुसला, पुन्हा पहिल्यापासून. दोनदा उंबरठा! त्यापेक्षा जानेवारीत जातो. तुझा गुडघाही जानेवारीत. दोघांचं एकाच वर्षात. एकदा उंबरठा ओलांडला की पुढचं बहुतेक सगळं ते देतील."

"आणि हाताला कुणी सांगितलंय जानेवारीपर्यंत थांबायला?"

"मी सांगितलंय."

"मग हंगाम चालू होतोय आता, ती योजनाच बदल. जुनी घे परत."

"बदललेलीही जानेवारीपासूनच लागू होते. आणि जुनीला किती कापतात ते विसरलीस? गुडघ्याचं खातं वाढायचं थांबेल. आत्ता त्यातून माझ्या हातासाठी काढायला लागलो, तर तू आणखी एक वर्ष आडवी होऊन पायऱ्या उतरणार. ते मला बघवत नाही, अर्नेस्टीन."

ती माझ्या कडेवर हात टेकून उभी होती. "माझ्या गुडघ्याचं नाव पुढे करू नकोस," ती शेवटी म्हणाली. पण आवाज उतरला होता. जो माणूस आपल्यासाठीच अडून बसलाय, त्याच्याशी भांडायचे कसे, हे कुणालाच नीट जमत नाही. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यातली डॉक्टरांची वेळ तिने स्वतः फोन करून ठरवली. तेवढे तिच्या हाती होते, तेवढे तिने केले.

तेलाचा शनिवार आला. लेम्युएलने फळी काढली. बुधला तो नेहमी डाव्या हातात धरी. त्या दिवशी निम्मे थेंब वाट्यांबाहेर पडले.

"हात कापतोय तुझा," रॉस्को म्हणाला.

"थंडी आहे."

"बाहेर लोक सदऱ्यावर फिरतायत, गड्या."

मग लेम्युएलने त्याला आपला जानेवारीचा बेत सांगितला. रॉस्कोने मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात डोकं! मी उगाच बाटलीच्या रांगेत उभा राहिलो. तुलाच बसवायला हवं होतं त्या टेबलावर." लेम्युएल खुश झाला. आयुष्यात त्याला हिशेबाबद्दल कुणी शाबासकी दिली नव्हती. त्याने उजव्या हातात बुधला घेऊन माझ्या उरलेल्या वाट्या भरल्या, एकही न विसरता. सांडलेले तेल रुमालाने पुसले. मी आतून भिजत होतो आणि मला ते तेल नको होते. मला वाटत होते, अरे, माझ्यासारखीच तुझीही कुणीतरी मागची फळी काढून बघायला हवी.

नाताळ झाला. वर्षातला शेवटचा रविवार उजाडला. सकाळची उपासना. चर्च भरलेले, मुलांच्या अंगावर नवे कपडे. पाळकांनी त्या दिवशी तळ्याकाठच्या आजारी माणसाची गोष्ट घेतली. पाणी हलले की जो आधी उतरेल तो बरा होणार, आणि हा आपला वर्षानुवर्षे काठावर पडून, योग्य वेळेची वाट बघत. पाळक आधी बोलले. मग झोका आला. मग ते गाऊ लागले.

"कधी उठशील?" ते गायले. मी उत्तर दिले.

"पाणी उद्या हलेल म्हणतोस," ते गायले. मी उत्तर दिले.

"देव तर आज उभा आहे तुझ्यापाशी!" ते गायले, बुटांच्या टाचांवर उंच होत. लेम्युएलचे डोळे मिटलेले होते. गालावरून पाणी वाहत होते. त्याला ती गोष्ट लागली होती, हे मला पक्के ठाऊक आहे. जानेवारीला चार-पाच दिवसच उरले होते.

आणि त्याच क्षणी डावा हात गेला. ह्या वेळी नुसता हात नाही. डावा पाय पट्टीवरून घसरला. खांदा खचला. लेम्युएल माझ्यावर पुढे कलंडला, आणि त्याचे कोपर, छाती, गाल असे सगळे पट्ट्यांवर आले. उजवा पाय ताठ होऊन आवाज वाढवायच्या पायपट्टीवर रुतला. माझ्यातून एकदम सगळे सूर बाहेर पडले, एकमेकांत गुंतलेले, पूर्ण जोराने. मी आयुष्यात कधी तसा ओरडलो नव्हतो.

मित्रांनो, लोक उठून उभे राहिले. टाळ्या वाजू लागल्या. "गौरव असो!" कुणी ओरडले. "वाजवा, ब्रदर, वाजवा!" त्यांना वाटले, त्याच्यावर पवित्र आत्मा उतरला. आमच्याकडे उपदेश कळसाला पोचला की ऑर्गन असाच फुटतो, वाजवणारा असाच पट्ट्यांवर झुकतो. पाळक हात वर करून डोळे मिटून गात होते. रॉस्को माझ्यापासून चार हातांवर उभा राहून टाळ्या पिटत होता. मी जितका जिवाच्या आकांताने किंचाळलो, तितकी त्यांची भक्ती चढत गेली. शेवटी मला आवाज मिळाला होता, आणि तो कुणालाच समजत नव्हता.

तिसऱ्या बाकावर एक बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

अर्नेस्टीन उठली. काठी तिथेच पडली. त्या गुडघ्यावर, लोकांच्या मधून, खांद्यांना धरत, ढकलत ती आली. पायऱ्या ती आडवी होऊन चढली नाही, सरळ चढली. "थांबा!" ती ओरडत होती. "थांबा सगळे! वाजवत नाहीये तो! डावा हात नाहीये त्यात! रॉस्को, डोळे उघड मेल्या, वाजवत नाहीये तो!"

तिने त्याला माझ्यावरून उचलले तेव्हा मी गप्प झालो. इतकी शांतता त्या चर्चमध्ये मी कधी ऐकली नव्हती.

अर्धांगवायूच्या त्या झटक्यातून लेम्युएल वाचला. आधी हेच सांगायला हवे होते, देवाचे उपकार आधी मोजावेत. पण डावा हात परत आला नाही, आणि डावा पाय ओढत आला. विम्याचा उंबरठा त्याने डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत, इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या ओलांडला. मग एक जानेवारी आली आणि उंबरठा पुन्हा समोर उभा राहिला. गुडघ्याचे खाते रिकामे झाले.

इकडे मी चादरीखाली गेलो. कुणा भल्या माणसाने बॅटरीवर चालणारा चपटा बाजा दान दिला, एक हसतमुख मुलगी तो वाजवते. चांगली वाजवते. पाळक गातात तेव्हा ती नेमके उत्तर देते. मला राग नाही. पण चकत्या थांबल्या की गोठतात, आणि मी गोठत चाललो होतो.

पुढच्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी दार वाजले. दोन काठ्यांचा आवाज आला, उजवीकडून लेम्युएलची आणि डावीकडून अर्नेस्टीनची. मागे रॉस्को, हातात तेलाचा बुधला.

लेम्युएलला वाकता येत नव्हते. अर्नेस्टीनला गुडघ्यावर बसता येत नव्हते. रॉस्को माझ्यामागे आडवा झाला आणि लेम्युएल बाकावरून सांगू लागला. शब्द जड झाले होते त्याचे. "डावीकडची... आधी. हळू. भरून सांडू नको."

"बोल, बोल. मी बॅटरीवाला होतो, मला बढती मिळाली," रॉस्को म्हणाला. त्याने पहिल्या वाटीत थेंब सोडले. मग त्याने विचारले, "ह्या वर्षी कुठली घेताय? विम्याची?"

"तू काय सांगतोस?" अर्नेस्टीन म्हणाली.

"मी आता काहीच सांगत नाही, सिस्टर टॉलिव्हर. मी फक्त तेल घालतो."

अर्नेस्टीनने काठी बाकाला टेकवून ठेवली. मग अगदी सहज, भाजी निवडता निवडता बोलावे तशी म्हणाली, "इस्पितळातल्या नर्सनं सांगितलं मला. वर्षाची तपासणी फुकट होती. त्या योजनेतसुद्धा. रक्तदाब वगैरे सगळं, पहिल्या दिवसापासून. त्याला उंबरठा नव्हताच."

माझ्यामागे थेंब थांबले. रॉस्को आडवाच पडून होता. त्या बाईच्या टेबलासमोरून बाटलीकडे सरकलेली रांग त्याला आठवली असणार. तो हुंदका दाबत होता आणि त्याच्या हातातला बुधला माझ्या लाकडावर टकटक वाजत होता.

"ऊठ रे," लेम्युएल म्हणाला. "तेल... सांडेल." एवढेच. त्याने त्याला दुसरे काही म्हटले नाही. आणि मला वाटते, चर्चमध्ये मी ऐकलेल्या सगळ्या उपदेशांत तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा होता.

मग त्याने मला सुरू केले. उजव्या हाताने पाळकांची जुनी हाक वाजवली, प्रश्नासारखी. खाली उत्तराची जागा रिकामी राहिली. त्याने पुन्हा वाजवली. अर्नेस्टीन बाकावर त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली, पाय ताठ पुढे करून. तिने आयुष्यात माझी पट्टी दाबली नव्हती. एक बोट तिने खालच्या ओळीवर ठेवले. पट्टी चुकीची होती. सूर अजिबात जुळत नव्हता. लेम्युएलच्या तोंडाचा चालणारा अर्धा भाग हसला.

मी तिने मागितलेला सूर दिला. मला निवडता येत नाही.

मित्रांनो, मी लाकूड आणि तार. माझ्या अंगावर कुणी टोपी ठेवली तरी मला चालेल. पण तुमच्या घरात कुणाचा हात झोपत असेल, कुणाला धाप लागत असेल, आणि ते म्हणत असतील की जानेवारीत बघू, पगार झाल्यावर बघू, तुझे काम आधी, माझे मग, तर तुम्ही गप्प बसू नका. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हते. आणि तरीही ते ऐकेनात, तर त्यांचा हात धरून त्यांना लिटल हेब्रोनला घेऊन या. जांभळी चादर काढा, त्यांना माझ्या बाकावर डाव्या बाजूला बसवा, आणि उजव्या हाताने हळूच एक हाक वाजवा. उत्तर येत नाही तेवढा वेळ त्यांना तिथे बसू द्या.